डिरेक्टरीचा कोटा आत कसा उतरतो: एका संशोधन केंद्राच्या सामायिक डिस्कचे प्रकरण

पार्श्वभूमी

उपग्रह-प्रतिमांवर काम करणाऱ्या एका संशोधन केंद्रातली ही घटना आहे. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि आकडे पूर्णांकात आणले आहेत. केंद्राकडे एकच साठवण-सर्व्हर होता. त्यावर लिनक्स, रेड-६ (दोन डिस्क बिघडल्या तरी माल टिकवणारी जोडणी) आणि वापरायोग्य १२० टीबीची एकच एक्सएफएस फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणारी व्यवस्था. गणन करणारी यंत्रे हा साठा नेटवर्कवर एनएफएसवरून वापरत, टेबलावरचे संगणक सांबावरून.

साठ्याच्या मुळाशी १४ संशोधन गटांच्या १४ डिरेक्टऱ्या होत्या. प्रत्येक गटात साधारण तीन प्रकारचा माल असे: उपग्रहाकडून आलेल्या कच्च्या फाइली, विश्लेषणाचे काम आणि प्रक्रियेत मधल्या पायऱ्यांवर तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइली. या तिन्हींसाठी वेगळ्या जागा मात्र ठरलेल्या नव्हत्या. ज्याने जशी डिरेक्टरी केली, तशी ती राहिली.

कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, होता तो व्यक्तीमागे. माणसे आपापल्या नावाने फाइली करत होती तोवर तो चालला. पुढे सगळी प्रक्रिया एका सामायिक खात्यावरून चालणाऱ्या पाइपलाइनकडे (एकामागून एक पायऱ्या आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) गेली आणि बहुतेक फाइलींचा मालक तेच एक खाते झाले. त्याला मर्यादा घातली तर सगळ्यांचेच काम थांबणार, म्हणून ते खाते अमर्याद ठेवले होते. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या फाइली त्यांच्याच नावावर पडून होत्या. कोट्याचा अहवाल दर आठवड्याला निघत होता, पण कोणत्या गटाने किती जागा धरली आहे हे त्यावरून कळत नव्हते.

अडचण

एका शुक्रवारी रात्री एका गटाची पाइपलाइन अडकली आणि तीच पायरी पुन्हा पुन्हा चालवत राहिली. दर फेरीला नव्या तात्पुरत्या फाइली तयार होत होत्या आणि जुन्या पुसल्या जात नव्हत्या. पहाटेपर्यंत १२० टीबी भरले. मग सगळ्याच गटांच्या प्रक्रियांना ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश येऊ लागला. कित्येक फाइली अर्ध्या लिहून थांबल्या. नाव बरोबर, आकार कमी आणि आतले शेवटचे तुकडे गायब, अशा फाइली सोमवारी सापडत गेल्या. जागा भरली यापेक्षा या अर्धवट फाइलींनी जास्त त्रास दिला, कारण त्यांतल्या काही पुढच्या विश्लेषणात वापरल्याही गेल्या होत्या.

साफसफाईनंतर ८८ टीबी उरले. केंद्रप्रमुखांची मागणी साधी होती: एका गटाचा उधळेपणा दुसऱ्या गटाला भोवता कामा नये. गटप्रमुखांनी त्यात एक भर घातली. गटाला १० टीबी मिळाले, तर त्यातले दोन-दोन टीबी विद्यार्थ्यांना वाटून देता आले पाहिजेत. ही दुसरी मागणी किरकोळ वाटते. पण मर्यादा आतल्या डिरेक्टऱ्यांना कशी लागू होते हा सगळा प्रश्न तिच्यातच आहे, आणि निम्मी चर्चा तिच्यावरच झाली.

विचारात घेतलेले पर्याय

गटनिहाय कोटा हा सर्वांत जवळचा पर्याय. इथे गट म्हणजे लिनक्स प्रत्येक फाइलीवर नोंदवते तो वापरकर्ता-गट. डिरेक्टरीवर सेट-जीआयडी बिट ही खूण लावली की तिच्यात नव्याने होणारी फाइल डिरेक्टरीचा गट घेते आणि कोटा त्या गटावर चढतो. पण हा वारसा फक्त नव्या फाइलींना मिळतो. दुसरीकडे तयार झालेली फाइल एमव्ही या हलवण्याच्या आज्ञेने आत आणली तर तिचा जुना गट तसाच राहतो. आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाला ‘मूळ गट जपा’ असे सांगितले की तेच होते, आणि या केंद्रात सगळी नेआण आरसिंकनेच होत असे. शिवाय फाइलीचा मालक स्वतः ज्या ज्या गटांचा सदस्य आहे, त्यांपैकी कोणत्याही गटाच्या नावावर फाइल करू शकतो. दोन प्रकल्पांत असलेल्या माणसाला पळवाट आयतीच मिळते.

दुसरा पर्याय, प्रत्येक गटाला वेगळी फाइल सिस्टीम. भिंत पक्की होते, पण एका गटाची मोकळी जागा दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. एक्सएफएस वाढवता येते, पण व्यवहारात लहान करता येत नाही. एकदा वाटलेली जागा परत घ्यायची तर सगळे दुसरीकडे हलवून नव्याने फॉरमॅट करावे लागते. १४ गटांच्या बदलत्या गरजांना ते झेपणारे नव्हते.

तिसरा पर्याय झेडएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम, आणि विद्यार्थीनिहाय वाटणीची मागणी त्यात सरळ बसते. तिथे डेटासेटवर (साठ्याच्या स्वतंत्र विभागावर) लावलेला कोटा त्याच्या पोटातल्या सगळ्या डेटासेटना, त्यांच्या स्नॅपशॉटसकट (एका क्षणाच्या जपलेल्या स्थितीसकट), मिळून लागू होतो. आतल्या डेटासेटला वेगळा कोटा दिला तरी वरचा रद्द होत नाही, दोन्ही पाळावे लागतात. अडचण स्थलांतराची होती. ८८ टीबी सेकंदाला ५०० एमबी या सलग वेगाने हलवायचे तर एका बाजूचे ४९ तास होतात. दुसरे यंत्र नसल्यामुळे माल आधी बाहेर आणि मग परत, म्हणजे दुप्पट. लहान फाइलींमुळे तो वेगही मिळणार नव्हता, आणि बाहेर ठेवायला जागाच नव्हती.

राहिला एक्सएफएसचा प्रोजेक्ट कोटा. यात प्रत्येक आयनोडवर (फाइल सिस्टीममधल्या फाइलीच्या मूळ नोंदीवर) मालक आणि गटाखेरीज एक तिसरा क्रमांक असतो, तो प्रोजेक्ट आयडी. डिरेक्टरीवर ‘वारसा’ झेंडा लावला की तिच्यात तयार होणारी प्रत्येक फाइल आणि उपडिरेक्टरी तिचा आयडी घेते, आणि उपडिरेक्टरी झेंडाही घेते. मालक कोणीही असो, जागा त्या आयडीवर मोजली जाते. माल हलवायचा नव्हता आणि फॉरमॅटही करायचे नव्हते. हाच पर्याय ठरला.

नियम ठरवताना: आत आत मर्यादा

एक्सएफएसमध्ये एका आयनोडला एकच प्रोजेक्ट आयडी असतो. मर्यादा-नियमांची पूर्ण रचना या एका गोष्टीभोवती करावी लागते.

समजा, गटाच्या डिरेक्टरीला आयडी ७०० आणि १० टीबीची मर्यादा आहे. तिच्या आत विद्यार्थ्याच्या डिरेक्टरीला आयडी ७११ आणि २ टीबी दिले. आता ७११ मधली एकही फाइल ७०० वर मोजली जात नाही. गटाच्या अहवालात अचानक जागा मोकळी झालेली दिसते आणि गट ती भरायला मोकळा होतो. असे पाच विद्यार्थी केले तर १० टीबीच्या गटाला प्रत्यक्षात २० टीबी मिळालेले असतात. वरची मर्यादा खालच्याला बांधत नाही. सर्वांत जवळच्या पूर्वजाचा आयडी लागतो आणि त्याच्यावरचे सगळे पूर्वज त्या फाइलीपुरते बाद होतात.

हे सगळीकडे असेच असते असे नाही. एचडीएफएस या अनेक यंत्रांवर पसरलेल्या फाइल सिस्टीममध्ये फाइल लिहिताना कोटा असलेला प्रत्येक पूर्वज तपासला जातो. तिथे डिरेक्टरीचे नाव बदलून ती दुसरीकडे नेताना नव्या जागेचा कोटा मोडत असेल, तर ते नामांतरच नाकारले जाते. सेफएफएस या तशाच दुसऱ्या फाइल सिस्टीममध्येही वरच्या-खालच्या सगळ्या मर्यादा लागू होतात, पण अंमल क्लायंटच्या (साठा वापरणाऱ्या यंत्राच्या) सहकार्याने होतो, त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावर लिहिणारा थांबायला काही सेकंद उशीर होऊ शकतो. या दोन्हींच्या अनुभवावरून एक्सएफएसकडूनही तीच अपेक्षा ठेवली तर हिशेब चुकतो. गटप्रमुखांशी झालेल्या पहिल्या बैठकीत नेमका हाच गैरसमज होता.

केंद्राने तीन मांडण्या तपासल्या. पहिलीत आयडी फक्त गटाला, आणि विद्यार्थीनिहाय आकडे रात्री ड्यू (डिरेक्टरीतल्या फाइलींचा आकार मोजणारी आज्ञा) चालवून काढायचे. मर्यादा नाही, फक्त माहिती. दुसरीत आयडी फक्त विद्यार्थ्यांना द्यायचे आणि त्यांची बेरीज गटाच्या वाट्याइतकी ठेवायची. मग कुणा एकाचे भरले आणि दुसऱ्याचे रिकामे पडले, की दर वेळी प्रशासकाकडे अर्ज. तिसरीत आयडी माणसांऐवजी मालाच्या प्रकाराला: प्रत्येक गटात ‘कच्चा’, ‘काम’ आणि ‘तात्पुरते’ या तीनच डिरेक्टऱ्या आणि तिघींचे स्वतंत्र आयडी. गटाच्या डिरेक्टरीत या तिघींशिवाय काही ठेवायचे नाही आणि या तिघींच्या पोटात पुन्हा आयडी द्यायचा नाही.

तिसरी निवडली. शुक्रवारच्या रात्री जागा खाल्ली होती ती तात्पुरत्या फाइलींनी, आणि त्यांना कच्च्या मालापासून तोडणे गरजेचे होते. विद्यार्थीनिहाय मर्यादा सोडून दिली, तिच्या जागी रात्रीचा ड्यू-अहवाल ठेवला. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय होता. फाइल सिस्टीमला जे जमत नाही ते स्क्रिप्टांनी ओढूनताणून बसवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

क्रमांकांची पद्धतही तेव्हाच ठरली. गटाचा क्रमांक गुणिले १००, अधिक प्रकार: ०१ कच्चा, ०२ काम, ०३ तात्पुरते. सातव्या गटाचे काम म्हणजे ७०२. गट बंद झाला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. एक्सएफएसडंप या साधनाने घेतलेल्या बॅकअपमध्ये आयडी जपला जातो, त्यामुळे जुन्या गटाच्या फाइली परत आणल्या तर त्यांचा भार नव्या गटावर पडला असता.

नियम ठरवताना: हद्द ओलांडणे

फाइल तयार होताना काय होते ते सोपे आहे. हलवताना काय होते याचा विचार आधी करावा लागतो.

बाहेरची फाइल वारसा-झेंडा असलेल्या डिरेक्टरीत रिनेमने (मजकुराची नक्कल न करता फक्त नाव आणि मार्ग बदलून) आणायची असेल आणि दोन्हींचे आयडी वेगळे असतील, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नकार देतो. चूक क्रमांक १८, ‘इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक’. डिस्क एकच असली तरी दोन वेगळ्या डिस्क असल्यासारखे वागवले जाते. एमव्ही हा नकार पचवते आणि फाइलीची नक्कल करून मूळ पुसते. नक्कल म्हणजे नवी फाइल, म्हणून तिला नवा आयडी मिळतो आणि हिशेब बरोबर राहतो. हार्ड लिंकलाही (त्याच फाइलीला दिलेल्या दुसऱ्या नावालाही) हाच नियम आहे, फक्त तिथे नक्कल हा पर्यायच नसतो.

उलट दिशेला मात्र दार उघडे असते. आयडी असलेल्या झाडातली (डिरेक्टरी आणि तिच्या आतले सगळे, यातली) फाइल झेंडा नसलेल्या डिरेक्टरीत नेली तर रिनेम बिनबोभाट होते आणि फाइल जुना आयडी घेऊनच बाहेर जाते. मग गटाच्या डिरेक्टरीत ड्यू दाखवते ६ टीबी आणि कोटा-अहवाल दाखवतो ८. दोन टीबी कुठे आहेत, हे कोणाला सांगता येत नाही.

त्यावर केंद्राने घातलेला नियम: साठ्यावर एकही डिरेक्टरी बिनआयडीची नको. फाइल सिस्टीमच्या मुळालाच आयडी १ आणि झेंडा द्यायचा आणि आयडी १ ला फक्त ५० जीबीची हार्ड लिमिट, म्हणजे ओलांडताच न येणारी मर्यादा, ठेवायची. म्हणजे कोणत्याही दिशेने हद्द ओलांडली की नकार मिळतो, आणि नेमलेल्या डिरेक्टऱ्यांबाहेर कोणी ढीग घालू लागला तर तो ५० जीबीला थांबतो. शून्य हा आयडी यासाठी चालत नाही. एक्सएफएसमध्ये आयडी ० वर लावलेली मर्यादा म्हणजे ज्यांना स्वतःची मर्यादा नाही अशा सगळ्या आयडींसाठीची मूळ मर्यादा असते.

एक पळवाट नियमाने बुजत नाही. फाइलीच्या मालकाला, रूट (सर्वाधिकारी खाते) नसतानाही, आपल्या फाइलीचा प्रोजेक्ट आयडी बदलता येतो आणि डिरेक्टरीवरचा झेंडाही काढता येतो. त्यासाठी सर्व्हरवर थेट लॉगिन लागते, कारण हा बदल ज्या आयऑक्टलने (कर्नलला केलेल्या थेट विनंतीने) होतो तो एनएफएसवरून जात नाही. केंद्राने साठवण-सर्व्हरवरची वापरकर्त्यांची लॉगिन बंद केली. जिथे वापरकर्ते थेट सर्व्हरवरच काम करतात, तिथे प्रोजेक्ट कोटा शिस्तीसाठी उपयोगी पडतो, सुरक्षेसाठी त्यावर विसंबता येत नाही.

अंमलबजावणी

माउंट म्हणजे फाइल सिस्टीम वापरासाठी जोडणे. एक्सएफएसचा कोटा चालू फाइल सिस्टीमवर रिमाउंट करून सुरू होत नाही, पूर्ण अनमाउंट करावे लागते. म्हणून रविवारची वेळ घेतली. माउंट करताना ‘पीक्यूनोएनफोर्स’ हा पर्याय दिला, म्हणजे मोजणी सुरू पण अडवणूक नाही. पहिल्या माउंटला कोटा-तपासणी प्रत्येक आयनोड वाचते, त्यामुळे वेळ टीबींवर नाही तर फाइलींच्या संख्येवर ठरतो. साठ्यावर कोट्यवधी लहान प्रतिमा-तुकडे असल्याने माउंट बराच वेळ अडकल्यासारखे दिसते हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवले होते. घाबरून मध्येच यंत्र बंद केले तर पुढच्या माउंटला पहिल्यापासून सुरुवात होते.

नंतर दोन फाइली लिहिल्या. ‘प्रोजेक्ट्स’मध्ये आयडी आणि मार्ग, ‘प्रोजआयडी’मध्ये नाव आणि आयडी, दोन्ही ईटीसी या लिनक्सच्या मांडणी-डिरेक्टरीत. मग एक्सएफएस_कोटा या आज्ञेच्या तज्ज्ञ-प्रकारातून प्रत्येक झाडावर ‘प्रोजेक्ट -एस’ चालवले. ते सगळे झाड पालथे घालते, प्रत्येक फाइलीला आयडी लावते आणि डिरेक्टऱ्यांना झेंडा.

मुळाच्या आयडी १ साठी मात्र ‘-डी ०’ हा खोलीचा पर्याय देणे अत्यावश्यक होते. तो दिला की फक्त मुळावर खूण होते. तो विसरून कोणी मुळावर ‘प्रोजेक्ट -एस’ चालवले तर ते खाली उतरत जाऊन सगळ्या गटांचे आयडी पुसून तिथे १ लिहील, आणि ५० जीबीच्या मर्यादेत पूर्ण केंद्र अडकेल. त्यामुळे मूळ मार्ग ‘प्रोजेक्ट्स’ फाइलीत लिहिलाच नाही. ती आज्ञा एका वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवली.

झाड पालथे घालणे चालू असताना लोक काम करत होते. अजून खूण न झालेल्या डिरेक्टरीची यादी वाचून झाल्यावर तिच्यात फाइल तयार झाली, तर ती सुटते. म्हणून शेवटी ‘प्रोजेक्ट -सी’ ही तपासणी चालवली. आयडी किंवा झेंडा जुळत नसलेली प्रत्येक गोष्ट ती दाखवते. सिमलिंक (दुसऱ्या मार्गाकडे बोट दाखवणारी फाइल) आणि सॉकेट, फिफो या प्रोग्रामांच्या आपसातल्या देवाणघेवाणीच्या खास फाइली, यांना हे साधन हात लावत नाही, त्यांच्यावर आयडी ० राहतो. जुन्या कर्नलवर अशी जुनी सिमलिंक त्याच झाडात इकडून तिकडे रिनेम केली तरी चूक १८ येते. एमव्हीला ते जाणवत नाही, थेट रिनेम करणाऱ्या प्रोग्रामला जाणवते.

अनपेक्षित अडथळा आला तो हार्ड लिंकचा. काही गटांनी जागा वाचवण्यासाठी एकाच कच्च्या फाइलीच्या लिंका दोन-तीन गटांत ठेवल्या होत्या. आयनोड एक, नावे तीन आणि झाडेही तीन. अशा फाइलीला शेवटी ज्या झाडावर आज्ञा चालली त्याचा आयडी मिळतो. क्रम बदलून पुन्हा चालवले की भार दुसऱ्या गटावर जातो, आणि दोन गटांचे आकडे कारण न कळता हलतात. फाइंड या शोध-आज्ञेला ‘एकाहून जास्त लिंका असलेल्या फाइली’ विचारून अशी यादी काढली. त्या सगळ्या फाइली ‘सामायिक’ नावाच्या नव्या झाडात नेल्या आणि गटांमध्ये त्यांच्या सिमलिंक ठेवल्या. या झाडाचा आयडी वेगळा आहे आणि त्यात लिहायचा अधिकार फक्त प्रशासकाला.

मर्यादा किती ठेवायच्या यावर मतभेद होते. शेवटी कच्च्यासाठी सर्व गटांचे मिळून ५० टीबी आणि कामासाठी ४४ टीबी ठरले, एकूण ९४. तात्पुरत्यासाठी प्रत्येक गटाला ३ टीबी, म्हणजे १४ गटांचे ४२. बेरीज १३६ होते आणि साठा १२० चा आहे. जादा वाटप जाणूनबुजून केले, पण फक्त तात्पुरत्यावर, कारण तिथला माल पुसून पुन्हा तयार करता येतो. संपूर्ण साठा ८५ टक्क्यांवर गेला की प्रशासकाला इशारा जातो.

तात्पुरत्याला सॉफ्ट लिमिट (ठरावीक मुदतीपुरती ओलांडता येणारी मर्यादा) दिली नाही, फक्त हार्ड. कारण डीएफ, म्हणजे एकूण आणि मोकळी जागा दाखवणारी आज्ञा. झेंडा असलेल्या डिरेक्टरीवर डीएफ चालवले की एक्सएफएस पूर्ण डिस्कऐवजी त्या प्रोजेक्टची मर्यादा ‘एकूण आकार’ म्हणून दाखवते, आणि सॉफ्ट लिमिट असेल तर तीच दाखवते. हार्ड ३ आणि सॉफ्ट २ असेल तर २ टीबीला डीएफ १०० टक्के म्हणते, पण लिहिणे चालूच राहते. मग लोक डीएफवर विश्वास ठेवत नाहीत. कच्च्या आणि कामाच्या झाडांना सॉफ्ट लिमिट ठेवली, तिथे ७ दिवसांची मूळ मुदत उपयोगी पडते.

तीन आठवडे नुसती मोजणी पाहिली. आकडे ड्यूशी जुळले, तेव्हा अडवणूक सुरू केली.

पाइपलाइन अडली ती जागा

अडवणूक नसतानाही एक गोष्ट पहिल्याच सोमवारी मोडली होती. रिनेमचा नकार मर्यादेवर अवलंबून नसतो. आयडी लागला की तो सुरू होतो.

पाइपलाइन तात्पुरत्यात पूर्ण फाइल लिहायची आणि शेवटी एका रिनेमने ती कामाच्या डिरेक्टरीत ठेवायची. हा प्रघात चांगला आहे. वाचणाऱ्याला फाइल एक तर पूर्ण दिसते किंवा दिसतच नाही. आता दोन्ही डिरेक्टऱ्यांचे आयडी वेगळे झाले आणि पायथन भाषेतले ओएस.रिनेम हे फंक्शन चूक १८ देऊन थांबले. विकसकाने त्याजागी शटिल.मूव्ह घातले आणि काम पुढे सरकले. पण शटिल.मूव्ह चूक आली की नक्कल करते. ४०० जीबीची प्रतिमा-मालिका जी क्षणात हलायची, ती सेकंदाला ५०० एमबीने सुमारे १३ मिनिटे घेऊ लागली. आज्ञा गणन-यंत्रावरून चालत असल्याने तोच माल नेटवर्कवरून खाली येऊन पुन्हा वर जाई. त्या १३ मिनिटांत दोन्ही प्रती दोन्ही कोट्यांवर मोजल्या जात. आणि मध्येच प्रक्रिया मारली गेली तर कामाच्या डिरेक्टरीत बरोबर नावाची अर्धी फाइल उरे. शुक्रवारच्या रात्रीचा मुख्य त्रास नेमका हाच होता.

दोन उपाय समोर होते. तात्पुरते आणि काम यांना एकच आयडी द्यायचा, म्हणजे रिनेम पुन्हा चालेल, पण मग तात्पुरत्याला वेगळी मर्यादा राहत नाही. किंवा शेवटची पायरी बदलायची. दुसरा निवडला. कामाच्या झाडातच ‘.तयार-होत-आहे’ अशी डिरेक्टरी केली. ती वारशाने कामाचाच आयडी घेते. मधल्या पायऱ्यांचा माल तात्पुरत्यात राहतो. अंतिम फाइल मात्र सुरुवातीपासून ‘.तयार-होत-आहे’ मध्ये लिहिली जाते, एफसिंक होते (डिस्कवर खरोखर उतरवली जाते) आणि मग त्याच झाडात रिनेम होते. आयडी एक असल्याने नकार येत नाही आणि नक्कलही होत नाही. शटिल.मूव्ह काढून पुन्हा ओएस.रिनेम घातले, म्हणजे कोणी चुकून हद्द ओलांडली तर काम गुपचूप हळू न होता तिथेच चुकीसह थांबेल.

आणखी एक बारीक बदल करावा लागला. पाइपलाइन ‘कोटा संपला’ या चुकीची वाट पाहून थांबे आणि वापरकर्त्याला पत्र पाठवी. एक्सएफएस प्रोजेक्ट कोटा संपल्यावर ती चूक देतच नाही, ‘जागा शिल्लक नाही’ हीच देते. एक्सटी४ या लिनक्सच्या दुसऱ्या फाइल सिस्टीमवरचा प्रोजेक्ट कोटा मात्र ‘कोटा संपला’ म्हणतो. संदेशावरून डिस्क भरली की गटाची मर्यादा, हे ओळखता येत नाही. आता ही चूक आली की पाइपलाइन त्या झाडाचा ताजा कोटा-अहवाल पाहते आणि पत्रात कोणती मर्यादा लागली ते लिहिते.

निष्पत्ती

अडवणूक सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका गटाचे तात्पुरते झाड ३ टीबीला भिडले. त्या गटाचे काम थांबले, बाकी १३ गटांना पत्ताही लागला नाही. त्याच गटाच्या कच्च्या आणि कामाच्या झाडांवर लिहिणे चालू राहिले, म्हणून तयार झालेले निकाल अर्धवट राहिले नाहीत.

आयडी १ वर दर महिन्याला थोडेफार जमते, बहुधा नवख्या माणसाने मुळाशी केलेली डिरेक्टरी. ५० जीबीची मर्यादा असल्याने ती लवकर उघडी पडते. साप्ताहिक ‘प्रोजेक्ट -सी’ बहुतेक वेळा जुन्या सिमलिंकच दाखवते. ते नेहमीचे धरून बाकीच्या ओळींवर लक्ष ठेवले जाते.

गटप्रमुखांची विद्यार्थीनिहाय मर्यादेची मागणी अपुरीच राहिली. ड्यूचा रात्रीचा अहवाल त्यांतल्या काहींना पुरला. एका गटाला तो पुरत नाही, कारण तिथे एकच विद्यार्थी कामाचे सगळे झाड भरून टाकू शकतो आणि ते दोनदा घडलेही.

वेगळे काय करता आले असते

हार्ड लिंकांची यादी आयडी लावण्याआधी काढायला हवी होती. नंतर काढल्यामुळे पहिल्या आठवड्याचे अहवाल फेकून द्यावे लागले आणि दोन गटांचा आकड्यांवरचा विश्वास परत मिळवायला वेळ गेला.

रिनेमची चाचणी एका गटावर आधी घेता आली असती. वारसा-झेंडा लावणे म्हणजे प्रोग्रामांच्या नजरेने डिस्कचे तुकडे करणे आहे, आणि मोजणी-पुरता टप्पा त्यापासून वाचवत नाही. सर्व स्क्रिप्टांमध्ये रिनेम, लिंक आणि एमव्ही शोधून त्यांचे उगम आणि मुक्काम एकाच आयडीत पडतात का, एवढी यादी दोन दिवसांत झाली असती.

कोट्याच्या मर्यादांची नोंदही वेगळी ठेवायला हवी. आयडी फाइलींवर असतात, मर्यादा फाइल सिस्टीमच्या कोटा-नोंदीत. टारने (फाइलींचा गठ्ठा बांधणाऱ्या साधनाने) किंवा आरसिंकने नव्या यंत्रावर माल नेला तर दोन्ही हरवतात. एक्सएफएस_कोटामधल्या ‘डंप’ने मर्यादा साध्या मजकुरात निघतात आणि ‘रिस्टोअर’ने परत लागतात. हा डंप आता रोजच्या बॅकअपमध्ये आहे, पण सुरुवातीचे काही महिने नव्हता.

पुढच्या खरेदीत विद्यार्थीनिहाय मर्यादा हव्या असलेल्या गटासाठी झेडएफएसचा विचार चालू आहे: गटाला एक डेटासेट आणि त्याच्या पोटात प्रत्येक विद्यार्थ्याला एक. तिथेही दोन डेटासेटमधले रिनेम चूक १८ च देते, त्यामुळे ‘.तयार-होत-आहे’ ही डिरेक्टरी प्रत्येक विद्यार्थ्याच्या डेटासेटमध्ये वेगळी करावी लागेल, गटाच्या पातळीवर एकच ठेवून चालणार नाही. स्नॅपशॉट गटाच्या कोट्यात मोजले जातात. विद्यार्थ्याने पुसलेला माल स्नॅपशॉट असेपर्यंत कोट्यावर राहू नये असे हवे असेल, तर त्याच्या डेटासेटवर साधा कोटा न लावता रेफकोटा (स्नॅपशॉट न मोजणारा कोटा) लावावा लागेल आणि साधा कोटा फक्त गटाच्या डेटासेटवर ठेवावा लागेल.